आवाज न करणारा कॉम्प्युटर

मिस्त्रींनी कॅबिनेटला कान लावला, तशी दुकानातली मुलगी बोलता बोलता थांबली. कॉम्प्युटर घ्यायला येणारी माणसं पडद्याकडे बघतात. हे गृहस्थ गुडघ्यावर बसून, डोळे मिटून डब्याच्या पोटातलं ऐकत होते.

"उत्तम," उठत ते म्हणाले. "हूं नाही की चूं नाही. हाच द्या."

"हा नको," मागून बायको म्हणाली.

मिस्त्रींनी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली होती. यंत्र आवाज करतं म्हणजे त्याला कुठेतरी दुखतंय, ही त्यांची काळ्या दगडावरची रेघ. बाकी या दुकानातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड कोणतं हवं ते मुलाने सांगून ठेवलं होतं. कॅबिनेट, पंखे वगैरे "तुम्हीच बघा, बाबा, मी घरी जोडतो," एवढं म्हणून तो खोलीत गेला होता.

चांगला मिसरूड फुटून जुना झालेला लेक, पण गेल्या वर्षीच्या दुखण्यातून उठल्यापासून उंबरा ओलांडत नव्हता. त्याचा जुना कॉम्प्युटर परवा जळाला. तेव्हापासून त्याची आई घडोघडी दारावर टकटक करून "चहा घेतोस का?" विचारत होती. पोराने कंटाळून चहाच सोडला. पण त्याच गडबडीत, वर्षभरात पहिल्यांदा, त्याने तोंड उघडून काहीतरी मागितलं. गेम खेळता येईल असा नवा कॉम्प्युटर. नवराबायको दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसली होती. चुकीचं काही नेलं तर तो रागावला नसता. नुसतं "चालेल" म्हणाला असता आणि दार लावून घेतलं असतं. त्या "चालेल"ची मिस्त्रींना फार धास्ती होती.

"का नको?" त्यांनी विचारलं.

"गार राहायला यात पाणी खेळवलंय म्हणे. पाणी आणि वीज एका डब्यात? गळलं म्हणजे?"

"गळत नाही हो काकू," मुलगी हसून म्हणाली. तरी तिने दुसरा दाखवला. "हा बघा. आतून सगळीकडे फोम लावलाय. शेजारी झोपलात तरी चालू आहे की बंद, कळणार नाही."

बायकोचा चेहरा उतरला. "हा तर मुळीच नको."

तिसऱ्याचे पंखे मोठे आणि संथ होते. त्याचा रंग तिला आवडला नाही. तिन्ही काळेच होते. आता मुलगीही गोंधळली आणि मिस्त्रींकडे बघायला लागली, जणू बायकोचं माहितीपत्रक त्यांच्याकडे असावं.

"अगं, तुला हवंय तरी काय?" मिस्त्री वैतागले. "त्या जुन्या डब्याने डोकं उठायचं ना तुझं? भिंतीपलीकडे गिरणी टाकलीय म्हणून तूच घर डोक्यावर घ्यायचीस."

"घ्यायचे," बायको म्हणाली. "पूर्वी."

मिस्त्रींना वाटलं, हिला मुळात कॉम्प्युटरच नकोय. पोरगं पुन्हा गेममध्ये बुडेल ही भीती असणार. मग तसं सांगावं ना सरळ. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "घ्यायचा नाहीये का तुला?"

"घ्यायचाय हो," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मिस्त्रींना काहीच उमगेना.

ती दुकानाच्या कोपऱ्यात गेली. तिथे जाळीच्या कॅबिनेटचा एक कॉम्प्युटर चालू होता. तिने त्यावर तळहात ठेवला.

"तो नका घेऊ, काकू," मुलगी लगबगीने म्हणाली. "काम चोख करतो, तापत नाही, सगळं खरं. पण गेम सुरू झाला की नुसता घोंघावतो. लोक परत आणून देतात."

"मध्ये भिंत असली तर? पलीकडच्या खोलीत ऐकू येईल?"

"येईल ना. दार लावलं तरी येईल."

"मग हाच द्या."

"दार लावलं तरी," मिस्त्री स्वतःशीच पुटपुटले.

गेल्या वर्षीच्या त्या दुपारी बायको शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ती अचानक हातातला कपडा टाकून मुलाच्या दाराकडे धावली होती. आतून कडी होती. मिस्त्रींनी ती स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली. पोराने तो घोंघावणारा कॉम्प्युटर, रोज रात्री करायचा तसा, भरदुपारी नीट बंद केला होता, आणि मग स्वतःला संपवायला निघाला होता. घरात त्या प्रकाराला सगळे दुखणं म्हणत. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले होते. वेळेवर कसं आणता आलं, हे मिस्त्रींनी बायकोला कधी विचारलंच नव्हतं.

ते कोपऱ्यात आले. पुन्हा गुडघ्यावर बसले आणि जाळीला कान लावला. एक पंखा चांगलाच खरखरत होता. दोन थेंब तेलाचं काम. सवयीने हात खिशातल्या तेलाच्या बाटलीकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला.

"बाळा," मुलीकडे न बघताच ते म्हणाले, "याच्यात अजून एक पंखा बसेल का?"