समासातली दुरुस्ती

त्याची बायको वारल्याचं कळलं त्या दिवशी मुख्य लघुलेखक तिची वही घेऊन त्याच्या घरी आले. दोघं नवराबायको संविधानसभेत भाषणं लघुलिपीत उतरवायची. "धर्म सरकारपासून वेगळा ठेवण्यावरचं कालचं भाषण तिनंच उतरवलंय," ते चाचरत म्हणाले. "तिच्या खुणा तुझ्याशिवाय कुणाला लागत नाहीत, बाबा." तो टंकायला बसला. ती रोज प्रार्थनेला बसायची तेव्हा हा नास्तिक स्वयंपाकघरात चहा उकळायचा. "देवाला सांग, साखर संपली," तो ओरडायचा. "साखर सरकारनं आणायची," ती आतून म्हणायची. तीस वर्षं कुणी कुणाची हद्द ओलांडली नाही. भाषण संपलं तिथे समासात तिनं त्याच्यासाठी लिहिलं होतं: "हे कलम आपल्याकडे केव्हाच मंजूर. एक दुरुस्ती सुचवते: एकदा प्रार्थनेला नुसता शेजारी बस." भाषण त्यानं वेळेत टंकून दिलं. तिच्या दुरुस्तीवर मात्र मतदान व्हायचं राहिलं.