पत्त्यातलं नाव

कळंबच्या दुकानदारांना वेबसाइट करून देणाऱ्या हर्षालीचा एकच हेका असायचा, "वेबपानाच्या पत्त्यात आपल्या आवडीचं नाव टाकायचं न्हाय, लोक शोधतात ते टाकायचं." आईच्या मसाल्याचं पान करायला बसली तेव्हाही तिनं 'घरगुती-काळा-मसाला' असा पत्ता लिहिला, आणि तसं शोधल्यावर काय काय दिसतं ते बघायला आईचाच मोबाइल हातात घेतला.

शोधायच्या चौकटीवर बोट ठेवताच आईनं आधी शोधलेलं सगळं खाली उघडलं. 'शिवकन्या परंडा.' त्याखाली परत तेच. त्याच्याही खाली तेच.

"आई, ही शिवकन्या कोण गं?"

वत्सलाबाई कढईतल्या मिरच्या परतत राहिल्या.

"मीच की. परंड्याला माहेरी हेच नाव होतं. लग्नात ह्यांनी तांदळात वत्सला लिहिलं, तवापासून शिवकन्या म्हणून कुणी हाक मारली न्हाय. कुठं हाय का बघत होते."

"मग? हाय?"

"न्हाय."

हर्षालीनं लिहिलेला पत्ता पुसला आणि तिथं 'शिवकन्या-परंडा' टाकलं.

 

हे नाव शोधणारं माणूस जगात एकच होतं.