रॅम्प मोकळा ठेवा

“अंकल, बोर्ड तो आपने ही लगाया है. जो पहले आए, वो पहले चढ़े. अब हमें क्यों रोक रहे हो?”

बोटीतून ओरडणारा कोळी हसत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. सुभाषराव रॅम्पच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे होते. वारा सुटला होता. मोठ्या तलावातल्या बोटी घाईने परतत होत्या, आणि बोटी वर ओढायचा काँक्रीटचा तो एकुलता एक उतार त्यांनी अडवून धरला होता.

“कांचन अजून आत आहे,” ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हिंदीत म्हणाले, “मेरी मिसेस. अकेली. गश्तवाले ढूंढने गए हैं. उनके लिए रास्ता रखो, भैया.”

कोळ्याचं हसू गेलं. “वो अचारवाली चाची?”

त्याने वल्हं उलटं मारलं. त्याच्यामागच्या तीन बोटीही मागे सरल्या आणि लाटांवर डुलत उभ्या राहिल्या. रॅम्प मोकळा झाला. सुभाषरावांना हात खाली घ्यायचं मात्र सुचेना.

सोनागिरीजवळच्या कारखान्यात त्यांची तीस वर्षं तपासणी विभागात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी दोन माणसांची वल्ह्यांची बोट घेतली आणि दर रविवारी दोघं तलावावर येऊ लागली. तिथे गस्ती बोटीचा त्रास होता. निळी बोट विनाकारण सायरन वाजवत यायची, रांगेतल्या सगळ्यांना डावलून घुसायची, रॅम्पवर आडवी लागायची आणि आतली पोरं चहाला निघून जायची. सुभाषरावांना तोंडावर बोलणं आयुष्यात कधी जमलं नाही. त्यांनी घरी बसून नियमांचा बोर्ड रंगवला. शिवाय गस्तीचा प्रमुख शैलेंद्र याच्या हातात आजवर तीन अर्ज ठेवले. तो “जी, अंकल” म्हणून कागद खिशात घालायचा. त्या पोरांनी त्यांचं नाव ‘नियमवाले अंकल’ पाडलं होतं.

“अहो, किती जीव खाल त्या पोरांचा?” कोळ्यांना नि पोरांना घरचं लोणचं वाटता वाटता कांचन म्हणायची.

आज सकाळीसुद्धा ती म्हणाली होती. बोट पाण्यात उतरली, ती आत बसली, आणि सुभाषराव ट्रॉली वर न्यायला निघाले.

“थांबा हो. आधी तुम्ही बसा. ट्रॉली राहू दे तिथंच.”

“मागे लोक खोळंबलेत. दोन मिनिटांत रॅम्प मोकळा व्हायला हवा. तू हो पुढे, मी जेट्टीवरून बसतो.”

आणि त्यांनी बोट ढकलली.

ट्रॉली शेडमध्ये लावून ते जेट्टीवर पोचले तेव्हा बोट लांब गेली होती. एक वल्हं वेगळंच तरंगत होतं. कांचन वाकून हाताने पाणी मारत होती. वाऱ्याचा एक झोत आला, बोट गर्रकन फिरली आणि तलावातल्या बेटाच्या पलीकडे दिसेनाशी झाली.

त्याला सव्वा तास झाला होता. कांचनचा फोन त्यांच्याच खिशात होता. लाइफ जॅकेट तिने घातलं होतं. पण त्याचा पट्टा आपण नीट ओढला होता का, हे त्यांना काही केल्या आठवेना. ते पाण्यापर्यंत जात, परत वर येत, चष्मा पुसत, पुन्हा खाली जात.

“बैठ जाओ, अंकल,” शेड सांभाळणारा विजय म्हणाला. “बस, कान खुले रखो. कोई जिंदा मिलता है तो ये लोग दूर से सायरन बजाते हुए आते हैं, सीधे घुसते हैं. लाइन-वाइन नहीं देखते.”

“और नहीं मिले तो?”

विजयने ट्रॉलीचं चाक उगाच हलवून पाहिलं. “सायरन सुनो आप,” तो म्हणाला.

सुभाषराव ऐकत राहिले. ज्या आवाजाविरुद्ध त्यांनी तीन अर्ज लिहिले होते, तो ऐकू यावा म्हणून त्यांनी श्वाससुद्धा धरून ठेवला. ऐकू येत होता तो फक्त वारा.

मग बेटाच्या कडेने निळी बोट बाहेर आली. सायरन बंद होता. इंजिन अगदी हळू चाललं होतं. मागे दोरीला त्यांची छोटी बोट होती, रिकामी.

“इधर!” सुभाषरावांनी हात हलवले. “रास्ता साफ है! सीधे आओ!”

गस्ती बोट सरळ आली नाही. ती वळली, चारही बोटींच्या मागे गेली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. कोळ्यांनी तिला पुढे जायची खूण केली. शैलेंद्रने मान हलवली. त्याच्या पायाशी, बोटीच्या तळाला, नारिंगी ताडपत्रीखाली काहीतरी होतं. पोरांपैकी कोणीही रॅम्पकडे बघत नव्हतं.

विजयने हळूच सुभाषरावांचा दंड धरला.

तो सोडवून ते पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत. पायाखालचं शेवाळ निसटत होतं. आपणच तिला ढकललं. दोन मिनिटांसाठी ढकललं.

“अंकल, आप वहीं रुकिए,” शैलेंद्र ओरडला. “हमारा नंबर अभी नहीं आया.”

ताडपत्री हलली. तिच्या कडेतून ओले, पिकलेले केस आणि एक कुडकुडणारा, चिडलेला चेहरा बाहेर आला.

“अहो, पाण्यात कशाला उतरलात? मीच यांना दम दिलाय, सायरन वाजवायचा नाही नि मध्ये घुसायचं नाही. रॅम्पवर आमचे हे उभे आहेत!”