पुण्याला असतो

पोहे संपले तशी मुलाच्या आईने, नीलम्मांनी, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मग सुकन्या, लग्न झाल्यावर लगेच पुण्याला येतीस की थोडं थांबतीस?"

"मी पुण्याला नाही येणार, काकू," सुकन्या म्हणाली. "माझा दातांचा दवाखाना इथं लातुरात आहे. लग्नानंतर रविकिरणच इकडं येणार, असं ठरलंय ना?"

सगळ्यांच्या नजरा मध्यस्थाकडे वळल्या. अमृतरावांनी आजवर ढीगभर सोयरिकी जुळवल्या होत्या, त्या अशाच.

"दोन्हीकडं 'तयार हाय' एवढंच बोललो बघा मी," ते म्हणाले. "कुठं यायला, ते कुणी इचारलंच न्हाई."

सुकन्याच्या वडिलांना घाम फुटला. "अगं, लोक पुण्याचा जावई मिळावा म्हणून नवस बोलायलेत," बसवंतअप्पा कुजबुजले.

"बोलू द्या, अप्पा. तिकडं मी दुसऱ्याच्या दवाखान्यात दात काढणार. इथं पाटी माझ्या नावाची आहे. दुपारी घरी येऊन गरम भाकरी खाते. हे सोडून कशाला जाऊ?"

ती ठामपणे बोलली खरी. पण मुलगा तिला आवडला होता, हीच तर पंचाईत होती. तिने सरळ त्यालाच गाठलं.

"तुम्ही सांगा. तिकडं कसं राहता?"

"मी पुण्याला असतो," रविकिरण म्हणाला. "कॉम्प्युटरवरचं काम आहे."

"असता, ते कळलं. राहता कसं, ते विचारलं."

तो हसला. मग खरंच आठवू लागला. "सकाळी निघतो. रात्री येतो. रविवारी..." तो अडखळला. "रविवारी झोपतो."

"बाल्कनी हाय की मोठी!" नीलम्मा म्हणाल्या.

"तिथं कपडे वाळतात, अव्वा."

नीलम्मा रागाने उठल्या. "चल रं. हे काय जमायचं न्हाई." त्या दाराकडे निघाल्या. रविकिरण मात्र जागचा हलला नाही.

"माझं काम तसं घरूनही होईल," तो सुकन्याला म्हणाला. "साहेबाला विचारायचं राहिलंय इतकंच. तुमच्या दवाखान्याजवळ भाड्यानं घर मिळेल?"

"अंगणासकट मिळेल. तेवढ्या भाड्यात तिकडं गाडी लावायला जागा मिळते."

बसवंतअप्पांनी डोक्याला हात लावला. अमृतरावांनी घाईघाईने चहा मागवला.

दारात नीलम्मा एका पायात चप्पल घालून थांबल्या होत्या.

"सिद्धेश्वराच्या देवळाजवळ बघा घर," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याला लांब जमत न्हाई."