आधी कोणाचा आवाज

"काका, कानातलं यंत्र एक आणि त्याच्यावर टपलेले तिघं. टीव्ही, मोबाइल, कॉम्प्युटर," श्रवणयंत्र जुळवायला घरी आलेली मुलगी म्हणाली. "एकाने ताबा घेतला की दुसऱ्याचा आवाज बंद. म्हणून तुमच्या बातम्या मधेच तुटतात. आता पहिला मान कोणाचा, ते सांगा."

"टीव्हीला दे," काकूंनी परस्पर सांगून टाकलं. "त्याच्यापुढे दुसऱ्या कोणाचं ऐकतात कुठे हे?"

काका मुलीकडे वळले. "खोलीत कोणी बोललं, तर हे तिघंही गप्प होतील, असं करता येतं का?"

"येतं की. पण मग कोणी तोंड उघडलं रे उघडलं, की बातम्या गेल्याच म्हणून समजा."

"जाऊ देत. तसंच कर."

काकूंना हसू आलं. "अहो, घरात आपण दोघंच. मी असं काय मोठं बोलते? दार लावा, गोळी घ्या. त्यासाठी बातम्या कशाला घालवता?"

"बातम्या तासाभराने परत सांगतात," काका म्हणाले. "तुला परत विचारलं, की तू 'काही नाही' म्हणतेस."