खालच्या बादलीतलं पाणी

पहिली बादली त्याने लाथेनेच उडवली. ती कठड्यावर आपटून फुटली, आणि वांग्याचं रोप मातीसकट उताणं पडलं.

"कुठे निघाली होतीस? बोल!"

बायको गच्चीच्या दाराशी उभी होती. हातात नरसाळं. तिला प्रश्नच कळला नाही. त्याला वाटलं, सोंग घेतेय. त्याने तिचे केस धरले आणि तिला बादल्यांच्या रांगेसमोर आणून आदळलं.

तो रंगारी. बादल्या त्याच्याच कामावरच्या, रंग संपलेल्या. तिने मागितल्या, त्यानेच आणून दिल्या. एकीत दुसरी बसवायची. वरचीत माती, खालचीत पाणी. वरचीच्या बुडाला भोक पाडून त्यातून जुन्या बनियनची वात खाली सोडायची, म्हणजे माती हवं तेवढं पाणी आपलं आपण वर ओढून घेते. भाजी निवडण्यापलीकडे जिचा भाजीशी कधी संबंध आला नव्हता, ती हे कुठून तरी बघून शिकली होती. सुरुवातीला केलेल्या बादलीला तिने जादा पाणी बाहेर पडायचं भोकच ठेवलं नाही. मुळं कुजली, गच्चीभर घाण वास. तेव्हा तो पोट धरून हसला होता. "झाड लावलंस की लोणचं घातलंस?"

आज दुपारी कामावर आईचा फोन आला, आणि ते हसू मेलं.

"तुझ्या बायकोला विचारलं मी, एवढा खटाटोप कशाला? रोज पाणी ओतायला काय हात झडतात? तर म्हणते, आई, एकदा भरून ठेवलं की आठवडाभर कुणी बघायला नको." आईने आवाज खाली आणला. "आठवडाभर कोण नसणार आहे रे घरात? मी तर कुठे जात नाही. तू जातोस?"

एवढंच. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्याला तेवढं सूत पुष्कळ झालं. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याची बायको अशीच पळून गेली होती, नवऱ्याच्या सगळ्या शर्टांना इस्त्री करून ठेवून. त्या शिंप्याला चहाच्या टपरीवर सगळ्यांत जास्त डिवचलं होतं ते ह्यानेच. आता टपरीवर आपली पाळी, हे त्याला उन्हासारखं लख्ख दिसलं. रोलरचा लांब लोखंडी दांडा हातात तसाच घेऊन तो घरी आला.

दुसरी बादली. तिसरी. दांडा बसला की प्लास्टिक कडकन तडकायचं आणि खालचं पाणी भसकन बाहेर यायचं. टोमॅटो बुटाखाली फुटत होते. ती आडवी आली. दांडा तिच्या खांद्यावर बसला. ती खाली कोसळली, पण पुढच्या बादलीला मिठी मारूनच. त्याने तिच्या बोटांवर बूट दिला. संशयाला डोळे नसतात. पाय असतात, आणि ते बुटात असतात.

"कोण आहे तो?"

"कुणी नाही हो."

"मग ही तयारी कसली?" त्याने मुस्काटात ठेवून दिली. तिचा ओठ फुटला.

आई दाराशी आली. "पुरे रे आता, माणसं बघतायत."

मारू नकोस, असं ती म्हणाली नाही. माणसं बघतायत, म्हणाली.

समोरच्या खिडक्या पटापट मिटल्या. त्याने शेवटची बादली उचलून जमिनीवर आपटली. मग फोडायला काही उरलं नाही. तो धापा टाकत, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

ती उठली. हाताच्या पाठीने ओठ पुसला. चिखलातून चालत दारापर्यंत गेली आणि चपला पायात सरकवल्या. सासू न सांगता बाजूला झाली.

"बघ! बघ आई! म्हणत नव्हतो मी?" तो जवळजवळ आनंदाने ओरडला. "निघालीच शेवटी!"

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर वळली. आवाज चढवला नाही.

"मागच्या खेपेला तुम्ही मारलंत, तेव्हा मला कितीतरी दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. डब्यांत लावलेलं सगळं वाळून गेलं. घरात तुम्ही दोघं होतात, कुणी थेंबभर घातलं नाही. तुम्ही पुन्हा माराल, हे मला ठाऊक होतं. म्हणून ह्या बादल्या केल्या. इथे राहायची तयारी होती ती. तुम्हीच फोडलीत."