क्वार्टरबॅकची पाटी

१९७० सालचा ऑगस्ट. अमेरिकेत, कॅन्ससमधल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे हातानं चेंडू फेकायच्या खेळाच्या कचेरीत मी टायपिस्ट होते. वार्ताहरांसाठी कोच बर्डेट नव्या मोसमातली आक्रमणाची रचना खेळाडूंच्या नावांच्या पाट्यांनी फळ्यावर लावत होते. सरावात सर्वांत नेमका चेंडू ल्यूशियस हा खेळाडू फेकायचा. चाली ठरवून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागी त्याच्याच नावाची पाटी होती. कोचनी त्याच्यादेखत ती कडेला, झेलणाऱ्यांत अडकवली. “पाय चपळ आहेत तुझे, पोरा. चाली ठरवायला डोकं लागतं.” “सगळ्या चाली पाठ आहेत, कोच. म्हणून दाखवू?” “काळ्या पोराचा हुकूम गोरी पोरं ऐकतील होय?” मी पाटी पुन्हा मूळ जागी लावली. “बाई, मी लावली तशीच यादी टाइप करा.” “खोटी करणार नाही.” नोकरी त्याच दुपारी गेली. मेल्या कोचचा पुतळा आज मैदानापुढे आहे. ल्यूशियसला कॉलेजात एकही चेंडू फेकू दिला नाही. परवा तो वारला. पेपरात छापलं: झेलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.